आपल्या मुलीची गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे?

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे शहादा तालुक्यातले गाव साऱ्या खानदेशाला ठाऊक आहे. केदारेश्वराच्या मंदिरामुळे लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तिथले टेकाड खणले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे एकावर एक थर निघाले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही त्या काठावर माणसे राहत होती. इतक्या काळात या गावात जन्मलेल्या साऱ्या मुली एकाच मनाच्या होत्या, असे कोण म्हणेल?

वाचकहो, आज आम्ही एका मुलीविषयी लिहिणार आहोत. ती प्रकाशाची असेल, तळोद्याची असेल किंवा नागपूरच्या इंदोऱ्यातली असेल. समजा, ती प्रकाशाचीच आहे. आई पपईच्या बागेत मजुरीला जाते. मुलगी अकरावीत आहे, एस.टी.च्या पासावर शहाद्याला जाते, वाचनाची तिला आवड आहे. मैत्रिणी मुलांविषयी बोलू लागल्या की ती गप्प होते. कदाचित तिचे मन एखाद्या मैत्रिणीकडेच ओढ घेते. कदाचित ते त्या अर्थाने कोणाकडेच ओढ घेत नाही. आपण अशा का, हे तिला कळत नाही. आईला विचारायची सोय नाही आणि बाईंना विचारायची हिंमत नाही. मग शिकलेली मुलगी करते तेच ती करते. ती पुस्तक उघडते.

त्या पुस्तकात तिला स्वतःसारखी एक तरी मुलगी सापडते काय? सापडलीच, तर शेवटच्या पानावर ती जिवंत असते काय? आमच्या मते हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुरता नाही. तो घराघरातल्या आईबापांचा आहे.

दोन शब्दांची ओळख

आधी शब्द समजून घेऊ. ज्या स्त्रीला प्रेमाची आणि सहवासाची ओढ स्त्रीविषयीच वाटते, तिला समलिंगी स्त्री म्हणतात. लेस्बियन हा इंग्रजी शब्दही आता मराठी वर्तमानपत्रांत रुळला आहे.

ज्या व्यक्तीला कोणाविषयीच शारीरिक ओढ वाटत नाही, किंवा क्वचितच वाटते, तिला अलैंगिक म्हणतात. हा शब्द आपली मुले शाळेच्या विज्ञानात वाचतात. पण तिथे तो अमिबा आणि यीस्ट यांच्या प्रजननाविषयी असतो. माणसाच्या बाबतीत अर्थ वेगळा आहे. अलैंगिक मुलीच्या शरीरात काही उणे नसते. तिला माया असते, मैत्री असते, पुष्कळदा कोणाच्या तरी सोबतीची इच्छाही असते. फक्त जी ओढ बाकीचे जग गृहीत धरते, ती तिला वाटत नाही. अमेरिकेतील संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात माणसांना शून्य ते सहा अशा मोजपट्टीवर मांडले होते, आणि त्या पट्टीवर न बसणाऱ्यांसाठी 'एक्स' असा एक निराळा गट ठेवला होता. या निराळ्या गटातल्या माणसांनी स्वतःविषयी उघडपणे बोलायला मात्र पुढे अर्धे शतक जावे लागले. २००१ साली डेव्हिड जे या अमेरिकन तरुणाने अशा लोकांसाठी एक व्यासपीठ उभे केले. त्यानंतर हा शब्द जगभर पोचला.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगणे जरूर आहे. भिक्खू आणि भिक्खुणी ब्रह्मचर्य पाळतात, तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. अलैंगिकता हा निर्णय नव्हे आणि व्रतही नव्हे. थेरीगाथेतील सुमेधेची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. राजाशी ठरलेले लग्न तिने नाकारले, स्वतःचे केस कापले आणि संघाची वाट धरली. तिच्या नकारामागे वैराग्य होते. तिला आजचे नाव चिकटवणे बरोबर होणार नाही. पण लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलीचे म्हणणे ग्रंथात आदराने जपून ठेवता येते, एवढे त्या कथेवरून नक्की कळते.

आपल्याकडे काय घडते? मुलगी पदवीला गेली की वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म भरला जातो. शिक्षण, उंची, नोकरी, अपेक्षा असे सगळे रकाने त्यात असतात. 'मला लग्न नको' हे लिहायला रकाना नसतो. एखादी मुलगी तसे तोंडाने म्हणाली, तर घरात पहिला प्रश्न येतो, "कोण आहे तो?" कोणीही नसू शकते, किंवा 'तो' नसून 'ती' असू शकते, हे घरातल्या कोणाच्या मनातही येत नाही. कारण तसे त्यांनीही कुठे वाचलेले नसते.

मराठी कपाटात शोध

आता आपल्या मुलीबरोबर मराठी पुस्तकांच्या कपाटाशी जाऊ. किशोरवयासाठी मराठीत काय आहे? साने गुरुजींचा श्याम आहे, ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. १९७१ पासून 'बालभारती'चे 'किशोर' मासिक निघते. ही सारी मोठी ठेव आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनातली घालमेल, मग ती कोणत्याही ओढीची असो, या कपाटात फारशी भेटत नाही. आपली मुले फास्टर फेणे मिटतात आणि एकदम मोठ्यांच्या कादंबरीकडे जातात. मधली पायरी रिकामी आहे.

म्हणून आपली मुलगी मोठ्यांच्या कपाटाकडे वळते. तिथे तिला विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक सापडेल. ते १९८१ साली रंगभूमीवर आले आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही कॉलेजातली मुलगी. नमा नावाच्या मुलीवर तिचा जीव जडतो. मराठी रंगभूमीवर असा विषय इतक्या सरळपणे त्यापूर्वी क्वचितच आला असेल, आणि तेंडुलकरांचे धाडस मान्य केलेच पाहिजे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. ही कथा मित्रा स्वतः सांगत नाही, तिचा मित्र बापू सांगतो. आणि शेवटी मित्रा आत्महत्या करते. नाटककाराने तिच्यावर अन्याय केला, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळच्या समाजाने मित्राला कुठे उभे राहू दिले नाही, हेच त्याने दाखवले. पण सतरा वर्षांची मुलगी चोरून हे पुस्तक वाचते, तेव्हा तिला समाजावरची टीका दिसत नाही. तिला स्वतःचे भविष्य दिसते.

दुसरे उदाहरण शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केलेल्या 'उंबरठा' या चित्रपटाचे. १९८२ सालच्या या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आहे. तिथे तो संस्थेपुढची एक अडचण म्हणून येतो. त्या दोघींना एकमेकींविषयी काय वाटते, हे त्यांच्या तोंडून आपल्याला फारसे ऐकू येत नाही.

पुढच्या काळात दार थोडे उघडले. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि २००५ साली 'पार्टनर' हे पुस्तक लिहिले. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. या दोन्हींत मुलगा मुलावर प्रेम करतो. अनेक मराठी मुलांना या पुस्तकांनी धीर दिला असेल. मुलींचा खण मात्र बव्हंशी रिताच राहिला. अलैंगिक मुलीसाठी तर त्या कपाटात नावसुद्धा सापडणे कठीण.

प्रश्न विचारण्याचा हक्क

कोणी म्हणेल, असले विषय मुलांच्या हाती द्यायचेच कशाला? या प्रश्नाचा निवाडा मुंबईच्या न्यायालयात एकदा मागितला गेला होता, आणि त्यात बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे होते, हे आपल्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक पत्राने आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे स्पष्ट उत्तरे देत. १९३४ साली या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. कर्वे खटला हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. तरीही १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालूच ठेवले. या साऱ्या प्रकरणावर अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक २०१७ साली रंगभूमीवर आले.

या खटल्यातली गोष्ट साधी आहे. कोणीतरी लाजत, घाबरत प्रश्न विचारतो आणि दुसरा कोणी त्याला प्रामाणिक उत्तर देतो. उत्तर देणे हा गुन्हा ठरला, तर प्रश्न नाहीसा होत नाही. तो अंधारात जातो. १९३४ साली हा प्रश्न टपालाने येत होता. आज तोच प्रश्न आमच्या या प्रकाशाच्या मुलीच्या मनात आहे. चांगले पुस्तक हे तिला मिळालेले उत्तरच असते.

बाबासाहेबांचा आणखी एक विचार या विषयाशी जोडला गेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी संविधानिक नीतिमत्तेचा मुद्दा मांडला. ही नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे सांगणे होते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा निर्णय दिला, तेव्हा याच विचाराचा आधार घेतला. बहुसंख्यांना काय रुचते, यापेक्षा संविधान काय सांगते हे मोठे, असा त्याचा अर्थ. ज्या समाजाने बहुसंख्यांच्या नावडीचे चटके सोसले, त्याला हा अर्थ समजावून सांगायची गरज नसावी.

परदेशातील मुलींनी काय वाचले

बाहेरच्या जगातही हे सारे सुखासुखी झालेले नाही. १९२८ साली इंग्लंडमध्ये रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची 'द वेल ऑफ लोनलीनेस' ही समलिंगी स्त्रीची कादंबरी न्यायालयाने अश्लील ठरवली. आपल्याकडे इस्मत चुगताई यांना 'लिहाफ' या १९४२ सालच्या उर्दू कथेसाठी लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले. त्या निर्दोष सुटल्या.

१९८२ साली अमेरिकेत नॅन्सी गार्डन यांची 'ॲनी ऑन माय माइंड' ही किशोरांसाठीची कादंबरी आली. लिझा आणि ॲनी या दोन शाळकरी मुली एकमेकींवर प्रेम करतात. त्यांना त्रास होतो, ताटातूट होते, पण शेवटी दोघी जिवंत असतात आणि पुन्हा एकमेकींना साद घालतात. एवढीच गोष्ट. पण या शेवटासाठी कितीतरी मुली वाट पाहत होत्या. १९९३ साली कॅन्सस भागातील शाळांना या पुस्तकाच्या प्रती भेट मिळाल्या, तेव्हा विरोधकांनी पुस्तक जाळले. ओलेथ या गावच्या शाळाप्रमुखांनी ते ग्रंथालयातून काढून टाकले. तेव्हा विद्यार्थी आणि पालक मिळून न्यायालयात गेले. १९९५ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की विचार पटत नाही म्हणून पुस्तक काढून टाकणे अमेरिकेच्या घटनेविरुद्ध आहे. पुस्तक पुन्हा कपाटात आले. पुस्तकासाठी पालकही मुलांच्या बरोबरीने न्यायालयात गेले, हे आम्हाला विशेष वाटते.

अलैंगिक मुलींना मात्र आणखी थांबावे लागले. त्यांच्यासाठीची पुस्तके अगदी अलीकडची आहेत. २०१८ साली क्लेअर कान यांची 'लेट्स टॉक अबाउट लव्ह' ही कादंबरी आली. तिची नायिका ॲलिस ही कृष्णवर्णीय कॉलेज तरुणी ग्रंथालयात काम करते. शारीरिक ओढ वाटत नाही म्हणून तिचे पहिले नाते तुटते. तरी पुढे तिच्या आयुष्यात प्रेम येते. २०२० साली इंग्लंडच्या ॲलिस ओसमन यांची 'लव्हलेस' आली. अठरा वर्षांची जॉर्जिया विद्यापीठात जाते. सगळ्यांसारखे आपणही प्रेमात पडलेच पाहिजे म्हणून धडपडते, आणि शेवटी तिला उमगते की आपण तशा नाही. मग काय होते? ती एकटी पडत नाही. मैत्री हेच तिच्या आयुष्यातले मोठे प्रेम ठरते. लेखिका स्वतःही अलैंगिक आहेत. म्हणूनच जॉर्जियाची तडफड वरवरची वाटत नाही.

आपल्या देशात, आपल्या घरात

"ही सगळी शहरातली, श्रीमंतांची खुळे," असे ज्यांना वाटते त्यांना एक आठवण देतो. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशात पोलीस दलातील दोन साध्या स्त्री शिपायांनी एकमेकींशी लग्न लावून घेतले. त्यांना नोकरी गमवावी लागली. त्या गोरगरिबांच्याच लेकी होत्या. मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' हा समलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला, तोच पुढे 'लाबिया' नावाने ओळखला जाऊ लागला. १९९९ साली अश्विनी सुखटणकर यांनी भारतातील समलिंगी स्त्रियांचे लेखन एकत्र करून 'फेसिंग द मिरर' हा इंग्रजी संग्रह काढला. म्हणजे गोष्टी होत्या. त्या सांगणाऱ्या स्त्रियाही होत्या. गावापर्यंत पोचणारा रस्ता तेवढा नव्हता.

किशोरांसाठी भारतात लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत २०१४ सालचे हिमांजली शंकर यांचे 'टॉकिंग ऑफ मुस्कान' महत्त्वाचे आहे. शाळकरी मुस्कानने जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, इथून कथा सुरू होते, आणि तिचे तीन वर्गसोबती मागचे सारे सांगतात. मुस्कान समलिंगी आहे, हे वर्गाला कळल्यावर काय काय घडले ते त्यातून उलगडते. पुस्तक चांगले आहे. पण पाहा, इथेही कथा दुसरेच सांगतात आणि इथेही मृत्यू दाराशी उभा आहे. 'मित्राची गोष्ट' आणि हे पुस्तक यांच्यात तेहतीस वर्षांचे अंतर आहे!

जात आणि हा विषय एकत्र पाहायचा असेल, तर पुस्तक नव्हे, एक लघुचित्रपट सांगावा लागेल. नीरज घायवान यांचा 'गीली पुच्ची' हा २०२१ साली 'अजीब दास्तान्स' या चित्रमालिकेत आला. कारखान्यात यंत्रावर काम करणारी भारती मंडल ही दलित तरुणी त्याची नायिका आहे. भूमिका कोंकणा सेन शर्मा यांची. शिक्षण असूनही कचेरीतली जागा तिला मिळत नाही. ती प्रिया शर्मा या सवर्ण मुलीला मिळते. दोघींमध्ये ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीच्या आड जात येते. भारतीला एकाच वेळी दोन गोष्टी लपवाव्या लागतात. आपल्या मुलींना हे दुहेरी ओझे कोणी वेगळे समजावून सांगायला नको. घायवान स्वतः दलित समाजातील आहेत. भारती शेवटी मरत नाही. ती झगडते, चुकते, स्वतःची जागा मिळवते. ती आदर्श नायिका नाही, जिवंत बाई आहे. अशी एखादी भारती मराठी किशोर-कादंबरीत का असू नये?

पुस्तक प्रकाशाला कसे पोचेल?

आता व्यवहाराचे बोलू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली गावोगावच्या मान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. पुस्तके घेताना शासनमान्य ग्रंथांची यादी पाहिली जाते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत करते. म्हणजे वाट आहे. पण या वाटेवरून तेच पुस्तक येते, जे मराठीत आहे आणि जे कोणीतरी मागितले आहे. वर सांगितलेल्या इंग्रजी कादंबऱ्या प्रकाशाच्या मुलीच्या हाती पडायच्या, तर आधी त्यांचे चांगले मराठी अनुवाद व्हायला हवेत. किंवा त्याहून चांगले म्हणजे, तापीकाठची, अहिराणी बोलणारी नायिका कोणीतरी लिहायला हवी.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना ग्रंथपालांना आणि विहारातील अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना. ज्या नेत्याने ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्याच्या नावाने आपण अभ्यासिका चालवतो. तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांबरोबर किशोरांच्या कादंबऱ्यांचाही एक खण असावा. पुस्तक नेताना मुलीला कोणी "हे कशाला?" असे विचारू नये. मुलींच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होईल.

दुसरी सूचना पुस्तक निवडणाऱ्यांना. तीन गोष्टी पाहा. शेवटी ती मुलगी जिवंत आहे ना? तिला शिक्षण, काम, मैत्रिणी, घर आहे ना, की तिची ओढ एवढीच तिची ओळख आहे? आणि तिला कोणी 'बरे' करीत नाही ना? वय पाहून पुस्तक द्यावे, हेही खरेच. पण वयाचे कारण सांगून ते कायमचे कुलूपबंद करू नये.

तिसरी सूचना लेखकांना, विशेषतः आपल्या शिकलेल्या लेकींना. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला न दिसलेली माणसे दाखवली. तो वारसा इथेही चालवता येईल.

माय-भगिनींनो

शेवटी आयांशी चार शब्द. तुमच्या मुलीने असे काही सांगितले, तर घाबरू नका. तिला मारू नका, कोंडू नका, घाईने लग्न लावू नका. भगत-बुवाकडे तर नेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी आकर्षण हे नाव रोगांच्या यादीतून काढले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले की असे आकर्षण 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३७७ कलमही राहिलेले नाही. दोन स्त्रियांच्या लग्नाला कायद्याची मान्यता मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो विषय संसदेकडे सोपवला. पण सज्ञान स्त्रीने कोणाबरोबर राहावे, किंवा कोणाबरोबरच राहू नये, हे तिचे तिनेच ठरवायचे आहे. मुलगी फार खचलेली दिसली, तर सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येते.

या भागातल्या बायांना घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची भीती कधी वाटली नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्यानंतरच्या काळात भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. तोवर तीही 'घरातली बाब' होती. त्या बायांनी ती गावाची बाब केली. त्यांच्याच नाती-पणती आज शहाद्याच्या एस.टी.त बसून कॉलेजला जातात. त्यांच्यातली एखादी आपल्या मनातला प्रश्न घेऊन उद्या ग्रंथालयाच्या दारात उभी राहील. त्या दिवशी तिला कपाटात एक तरी असे पुस्तक मिळावे, ज्यातली मुलगी तिच्यासारखी आहे आणि शेवटच्या पानावरही जगते आहे. ते पुस्तक तिथे ठेवण्याचे काम आपले आहे.